टेबलावरचे तीन वायरलेस

पुरात माझी ड्युटी कोल्हापूरच्या कंट्रोल रूममध्ये असायची. टेबलावर पोलिसांचा, अग्निशमनचा आणि आमच्या पाटबंधारे खात्याचा असे तीन वायरलेस. एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नसे. ऑपरेटर बाई एकावर ऐकून दुसऱ्यावर ओरडून सांगायच्या. चहा तसाच गार व्हायचा.

एकदा छपरावर माणसं अडकल्याचं त्या पोलिसांकडून ऐकून अग्निशमनला सांगेपर्यंत त्यांची बोट त्याच गल्लीवरून पुढं गेलेली. बाई उसळल्या, "सगळ्यांना एकच चॅनेल द्या."

"प्रत्येक खात्याचं वेगळं असतं," कंट्रोल रूमचे साहेब म्हणाले.

"पाणी काय खातं बघून चढतंय व्हय, साहेब?"

मग प्रत्येक बैठकीत त्यांचं तेच टुमणं. पुढच्या पावसाळ्यात चॅनेल एक झालं. पोलिसांनी गल्ली सांगितली, बोटवाला थेट बोलला, "आलो की!"

 बाईंच्या दोन्ही हातांत चहाचा कप होता, आणि त्यातून वाफ येत होती.