लवूने वाचून दाखवलेली नोटीस

गावाबाहेरच्या कातळी सड्यावरच्या विद्यापीठ उपकेंद्रात लवू एकोणतीस वर्षं शिपाई आहे, आणि नोटीस फिरवावी तर त्यानेच. वही बगलेत, वर्गाच्या दारात एकदा खाकरणं, आणि मग खणखणीत प्रमाण मराठीत वाचन. एक शब्द मालवणी येईल तर शपथ. शेवटी वर्गावरच्या सरांची सही, आणि खाली त्याची स्वतःची, ‘वाचून दाखवली’ असं लिहून.

गेल्या आठवड्यातली नोटीस वायफायची होती. सोमवारपासून जुनं वायफाय बंद, नवं सुरू. सर्व प्राध्यापक, विद्यार्थी व कर्मचारी यांनी शनिवारपर्यंत ग्रंथालयातल्या तन्वी मॅडमकडे आपापला फोन नोंदवावा. पोरं नोटीस ऐकत नाहीत, सर न ऐकताच सही ठोकतात, हे लवूला पक्कं ठाऊक. म्हणून तो कँटीनमध्येही हात धुऊन पोरांच्या मागे लागला. “नोंदवलंस काय रे? सोमवारी माझ्याकडे रडत येऊ नकोस.” संचालकसाहेबांनासुद्धा त्याने दोनदा टोकलं. शनिवारी संध्याकाळी तो घरी गेला तो छाती फुगवूनच.

सोमवारी त्याची बायको नर्मदा तोंडवलीहून एसटीने आली. त्यांचा मुलगा धनेश जहाजावर खलाशी आहे. गेल्या महिन्यात दोर तुटून त्याच्या तोंडावर बसला, डोळ्याखाली टाके पडले. “बरा आसा,” एवढंच तो सांगे, आणि नर्मदाला ते खरं वाटत नव्हतं. तिला त्याचं तोंड बघायचं होतं. घरी फोनवर चित्र अडकतं, सड्यावर मोबाइलला रेंजच नाही, पण वायफाय दणकट. जहाज बंदराला लागलेलं. एक ते दीड धनेश मोकळा, तेव्हा तो व्हिडिओ कॉल करणार होता. नंतर दीड महिना पाणीच पाणी.

एक वाजला. व्हरांड्यातल्या बाकावर दोघं फोनकडे बघत बसली. फोन गप्प. लवूने तो बंद करून चालू केला. मग गच्चीवर नेला, खाली आणला, पुसला, पुन्हा बंद केला. समोर पोरं मजेत व्हिडिओ बघत होती. पण ज्यांना आठवडाभर दम दिला त्यांना आता काय विचारायचं? तिथे त्याची अक्कल शेण खायला गेली, असंच म्हणावं लागेल. दीडला दहा कमी असताना तो ग्रंथालयात तन्वी मॅडमकडे धावला, मागोमाग नर्मदा.

मॅडमनी फोन हातात घेतला आणि नोंदणीची यादी उघडली.

“काका, तुम्ही नोंदवलाच नाहीत? अख्ख्या यादीत एकच नाव उरलंय, तुमचं. मला वाटलं, नोटीस तुम्हीच फिरवलीत, तुम्हाला काय सांगायचं?”

अकरा वर्गांत त्याने स्वतःच्या तोंडाने ‘कर्मचारी’ म्हटलं होतं.

“म्हणजे... ती नोटीस माका पण होती?” ऑफिसातल्या माणसाशी मालवणीत बोललेलं त्याचं हे पहिलंच वाक्य असावं. एकोणतीस वर्षांत कुठलीच नोटीस त्याच्यासाठी नव्हती. तो फक्त ती नेणारा. तो स्टुलावर बसला.

मॅडमची बोटं भराभर चालली, तरी एक पस्तीस झाले. फोन वायफायला जोडला गेला आणि एकदम थरथरायला लागला. सुटलेले सहा व्हिडिओ कॉल, त्यांच्याखाली धनेशच्या आवाजातला एक निरोप. मॅडमनी घाईने उलट फोन लावला. पलीकडे फोन बंद.

मग निरोप लावला. “बाबानू, तुमी नोटीस घेवन खंयच्यातरी वर्गात गेलास आसतलास. ऱ्हवांदे. आज आयेक तोंड दाखवूचा होता, म्हणान टाके पडल्यापासून पयल्यांदा दाढी केलंय. आता दीड महिन्यान फोन करतलंय.”

नर्मदाने फोन हातात घेऊन त्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

“डोळो बरो आसा काय, ता सांगल्यानच नाय,” ती म्हणाली.