खाकी पट्टीच्या कोंबड्या

कमळाकरनं दया दाखवली आणि शेजारच्या भीमरावांच्या पाचही कोंबड्या पसार झाल्या. खुराड्यात बिचाऱ्या घुसमटत असतील असं वाटून दुपारी त्यानंच फळी सरकवली होती. घरात डुलकी काढणारे भीमराव बाहेर येईपर्यंत कोंबड्या कुंपणाखालून मांजर्लीच्या मोकळ्या प्लॉटांकडे निघून गेल्या.

"काका, जरा हवा खायला सोडल्या."

"अरे, कालच आणल्यात. चार दिवस कोंडल्याशिवाय त्यांना घर कसं कळणार?"

भीमराव अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून इथं दोन खोल्या बांधून राहिले. म्हणजे राहायचं होतं दोघांनी. कोंबड्यांचा बेतही बायकोचा, सुंदराबाईंचाच. पण दारात विटा पडल्या आणि महिन्याभरात सुंदराबाई वारल्या. मुलगा नाशिकला. 'पुढच्या सुट्टीत नक्की' असं तो दर सुट्टीत नक्की कळवायचा. क्वार्टरमध्ये भिंतीपलीकडचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. इथं भीमराव स्वतःच्याच खोकल्यानं दचकायचे. शेवटी काल कोंबड्या आणल्या, खुणेसाठी जुन्या खाकी युनिफॉर्मच्या पट्ट्या त्यांच्या पायांना बांधल्या. सगळ्या ड्यूटीवर निघाल्यासारख्या दिसायला लागल्या. मग बराच वेळ ते त्यांच्याशी बोलत बसले. कमळाकरच्या बायकोला वाटलं, मुलगा आला.

कमळाकर चप्पल हातात घेऊन झुडपांतून धावला. कोंबडी एकही हाती लागली नाही, काटे मात्र पुष्कळ लागले.

"दुसऱ्या आणून देतो, काका. उल्हासनगरला ढिगानं मिळतात."

"ढीग काय करायचाय? आणि पळू नकोस. दिवस मावळला की बसतील कुठंतरी."

तिन्हीसांजेला विटांच्या ढिगावर दोन मिळाल्या, बाभळीच्या खालच्या फांदीवर दोन. दोघांनी दोन-दोन काखोटीला मारल्या. पाचवी काही दिसेना. कमळाकर तिला हाका मारून थकला.

परत आले, तर ती खुराड्यापुढं पोट टेकून बसलेली. हाक नाही, दाणा नाही. भीमराव बघत राहिले. मग वाकून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती हलली नाही.

कमळाकरच्या जिवात जीव आला. "झालं ना? आता चला आमच्याकडे जेवायला. गरम भाकऱ्या होतायत."

भीमरावांनी पाचवीला आत सोडलं, फळी लावली.

"आज आपणहून कुणी घरी आलंय, आणि मी बाहेर जाऊ?"