मच्छरदाणीच्या पिशव्या

चंद्रपूरच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणाऱ्यांच्या तोंडातल्या गाठींचा अभ्यास चाले. विकतची साधनं परवडत नव्हती, म्हणून मी ती बनवायला घेतली. तपासायचा तुकडा मेणात बसवून त्याचे काप काढतात; ते मेण पातळ राहावं म्हणून पत्र्याच्या पेटीत भांडं ठेवून बल्ब बसवला. मेणाच्या वड्या पाडायला भांडेवाल्याकडून पितळी पट्ट्या वाकवून आणल्या. राहिल्या जाळीच्या पिशव्या. गालातून काढलेला तुकडा मसुराएवढा असतो. स्पिरिटमधून मेणापर्यंत जाताना तो हरवू नये, म्हणून पिशवी.

त्या पिशव्या समोरच्या पानठेलेवाल्याची बायको जुन्या मच्छरदाणीतून शिवून द्यायची. बाई सिंदेवाहीकडची. दिवसभर खर्रा घोटायची, खायचीही. शिवणीच्या टोकाला अशी गाठ मारायची की माझी कात्री अडायची.

"बाई, जरा ढिली मारत जा."

"ढिली मारली त् तुमचा तुकडा पडून जाईन, मॅडम. माही गाठ सुटत नसते."

पुढे तिचं तोंड उघडेनासं झालं. आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांनी गालात बोट घालून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तुमची गाठ तुमच्याच पिशवीत." सगळे हसले. तीही हसली, तोंडावर हात ठेवून.

तिचा तुकडा खरंच तिच्याच पिशवीतून माझ्याकडे आला. कॅन्सर होता, पण सुरुवातीचा. लगेच नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं तर वाचेल, असं डॉक्टरांनी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं.

मी ठेल्यावर गेले. तो प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होता.

"तेंदूपत्त्याचा सीझन होऊ द्या, मॅडमजी. धंदा तवाच असते."

"तिला जेवता येत नाही."

"तोंड उघडत नाई त् बरंच हाय ना. जेवाले कमी लागते, भांडन बी बंद."

बाकावरचा गिऱ्हाईक म्हणाला, "भाऊ, हे औषध मले बी सांग ना. घरी लय गरज हाय."

ती आत बसून शिवत होती. मध्ये फक्त पडदा होता.

दुसऱ्या दिवशी पिशव्या द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "तुमीच म्हना ना त्याले. माह्यं कोन आयकते?" मी पुन्हा गेले. प्रत्येक वेळी तो आदबीनं "हो मॅडमजी" म्हणायचा आणि मला फुकटचा चहा द्यायचा. सीझन संपला. मग पोळा होऊ द्या म्हणाला. पोळ्यानंतर तो तिला घेऊन आला तेव्हा गालाला भोक पडलं होतं. डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "आता नागपूरचं भाडं वाया घालवू नका," म्हणाले. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. नवरा मान डोलावून म्हणाला, "म्या बी तेच म्हनत होतो."

दिवाळीआधी ती गेली.

महिन्याभरात नवऱ्यानं पिशव्यांचा नवा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. आता त्याची बहीण शिवत होती. "तुमाले पायजे तशीच ढिली गाठ माराले सांगतली," तो म्हणाला.

त्यातल्या पहिल्याच पिशवीची शिवण मेणात उसवली. कुणाच्या तरी गालाचा तुकडा मेणाच्या भांड्याच्या तळाशी गेला. मी चिमटा घेऊन शोधत बसले.