हलक्या वजनाचा भाडेकरू

आमच्या वरच्या खोलीतला कोरियन भाडेकरू सकाळचं पळणं आटोपून आला की थेट खाली आमच्या पिठाच्या गिरणीत शिरतो, बूट काढतो आणि धान्याच्या काट्यावर उभा राहतो. एके काळी तो अगदी हलक्या वजनी गटातला व्यावसायिक बॉक्सर होता. आता इथल्या जिममध्ये शिकवतो. लढती केव्हाच संपल्या, पण काटा सुटलेला नाही. आकडा जरा वर गेला की मला सांगतो, "दादा, आज भाकरी नाही," आणि खरंच खात नाही.

आमचे आबा जुने पैलवान. त्यांनी मारलेल्या कुस्त्या अख्ख्या जांबे गावाला पाठ आहेत. "गव्हाच्या पोत्याएवढा न्हाई, ह्यो कसला लढनार?" असं ते त्याच्या तोंडावर म्हणायचे. तो नुसता हसायचा.

परवा गिरणी चालू असताना त्यांनीच फर्मावलं, "तुजी एखांदी लढत दाव की." त्याने मोबाइलवर लावली. काय चपळ होता! पण समोरच्याचा एक ठोसा बसला आणि हा आडवा झाला. आम्ही अवघडलो. त्याने मात्र व्हिडिओ मागे नेऊन तोच ठोसा पुन्हा दाखवला. "आबा, बघा. लय भारी मारला."

"जिकल्याली न्हाई व्हय एकबी?"

"आहेत. पण ही सगळ्यात चांगली."

 आबांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "कासारसाईच्या जत्रंत मला एकानं चितपट केल्तं. काय डाव टाकला गड्यानं!"

ही कुस्ती आमच्या घरात आजवर कुणी ऐकलेली नव्हती. मी गिरणीचं बटण बंद केलं.