उघडं दार

जेवताना टीव्हीवर गुन्ह्यांची मालिका चालू होती. खुनी निघाला तो अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून गेम खेळणारा एक गप्प मुलगा. तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी धाकटी बहीण ओरडली, "मार, मार त्याला!"

आईचा घास हातातच राहिला. "ही पण तसलंच खेळते का रे?"

"अगं, मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळतेय. हसतेय बघ किती!"

आईवडिलांनी कष्टाने मला पदवीधर केलं, तेव्हा असं समजावणं माझंच काम. पण न पाहिलेलं जग आमच्याकडे टीव्हीतूनच येतं. आईने उठून बहिणीचं दार उघडलं, ते उघडंच ठेवलं.

तेव्हापासून बहीण अवाक्षर न काढता खेळते. मालिकेतला मुलगाही गप्पच होता. आता जेवताना त्या दाराकडे मीच बघत राहतो.