अयूबभाऊंचा डावा डोळा

१४ जानेवारी २०२४ रोजी अयूबभाऊंच्या गळ्यात २,३५० रुपयांची नवी दुर्बीण होती आणि डावा डोळा मिटलेला होता. ब्रह्मपुरीत चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करताना, उजव्या डोळ्याला भिंग लावले की डावा आपोआप मिटायचा. दुर्बिणीलाही त्यांनी तोच न्याय लावला.

गावाबाहेरच्या बोडीवरची, म्हणजे लहान तळ्यावरची, पाणपक्ष्यांची गणना त्यांच्याकडे होती. मागच्या वर्षी शेपटी हलवणारा प्रत्येक लहान पक्षी त्यांनी तुतवार म्हणून लिहिला. गणनेच्या याद्या तपासणाऱ्या, कॉलेजच्या दिव्यानी मॅडमनी ‘खात्री नाही’ असा शेरा मारून यादी परत केली. दुरुस्त केलेले घड्याळ गिऱ्हाइकाने परत आणावे तसे ते त्यांना लागले. यंदाही तसेच झाले, तर बोडी दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगायचे, हे ठरले होते.

काठावर मुठीएवढे दोन पक्षी चिखल टोचत होते. दोघांची शेपटी खालीवर. अयूबभाऊंनी सेकंदकाट्यावर शेपट्यांचे झोके मोजले. हिशेब काही जुळेना.

शेजारच्या पाड्यावरच्या सोमारीबाई गुडघाभर पाण्यात झिंगे धरत होत्या.

“अयूबभाऊ, दोन काचाचे पैसे देले ना? मग एकच डोळा काऊन लावून राह्यले?”

“सवय हाये बाई. हे दोन्ही मले सारखेच दिसते.”

“सारखे कुठी? फरक दाखवीन, पण माह्या बॅटरीले दोन सेल पाह्यजे. एका पाखराचा एक.”

“मंजूर.”

सोमारीबाई सरळ पक्ष्यांच्या अंगावरच चालून गेल्या. यादीच उडून चालली होती. एक पक्षी पंख थरथरवत पाण्याला लागून गेला, पलीकडच्या दगडावर बसला आणि पुन्हा शेपटी हलवू लागला. दुसरा ओरडत उंच निघाला, आणि त्याची कंबर पांढरीशुभ्र दिसली. तोवर अयूबभाऊंचे दोन्ही डोळे उघडले होते.

“दगडावाला इथीच राह्यते,” सोमारीबाई म्हणाल्या. “हा पांढऱ्या कमरेचा भित्रा. जराशात गावभर बोंबलते.”

पुस्तक काढून पाहिले. पहिला तुतवार, दुसरा हिरवा तुतवार.

संध्याकाळी दिव्यानी मॅडमचे बोट दुसऱ्या नावावर थांबले. “हा हिरवा कशावरून?”

“उडताना कंबर पांढरी दिसली. सोमारीबाईंनी उडवला.”

“गणनेत पक्षी उडवायचे नसतात, काका,” मॅडम म्हणाल्या. सही मात्र केली.

अयूबभाऊंच्या खिशात त्या दिवशी एकच पेन्सिल सेल होता, तो त्यांनी बोडीवरच दिला. सोमारीबाईंना एक सेल देणे बाकी आहे.