निळ्या झाकणाची टाकी

आमच्या दाजींना काय कळत नाही ते विचारा. इंजिन कळतं, राजकारण कळतं, माझ्या बायकोच्या गुडघ्यावरचं औषधसुद्धा कळतं. ताईचा नवरा म्हणून अहो-जाहो करायचं, नाहीतर असल्या माणसाला मी माझ्या गॅरेजच्या पायरीवर उभं केलं नसतं.

आधी पिठाची गिरणी घातली, ती बुडवली. मग फोटोचं दुकान काढलं, तेही बुडवलं. शेवटी आमच्या वडिलांनी ताईला दुधाचा टँकर घेऊन दिला, आणि दाजी लगेच मिशा पिळत स्टिअरिंगवर बसून ‘मालक’ झाले. सगळं घर त्या एका गाडीवर चालतं. डेअरीची अट साधी: दूध वेळेत गेटवर. एकदा चुकलात तर माफ, दुसऱ्यांदा दुसऱ्याचा टँकर.

आता या नव्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यात अगदी शुद्ध पाण्यात विरघळवलेला शुद्ध युरिया भरायचा. गाडी तो सायलेन्सरमध्ये फवारते आणि धुरातलं विष मारते. सीलबंद कॅन आणा, सावलीत ठेवा, डिझेलचं नरसाळं लावू नका, फिल्टर वेळेवर बदला. संपलं! शाळकरी पोरालाही जमेल. पण दाजी शाळकरी पोर थोडेच आहेत?

"अरे, सगळी कंपनीची लूटमार," ते मला म्हणाले. "युरिया तो युरिया. शेतात टाकतात तोच की!"

"दाजी, तो खताचा. त्यात माती असते, नळाच्या पाण्यात क्षार असतात. नोझल चोंदेल."

"तू पाना फिरव. डोकं आम्ही चालवतो."

आणि चालवलं. अंगणात बादली, खताची गोणी, नळाचं पाणी. ढवळायला अर्थात ताई. मालकांचे हात कसे खराब होणार? काही दिवस गाडी पळाली, तेवढ्यात यांनी नाक्यावरच्या चार ड्रायव्हरांना हा शोध शिकवलासुद्धा. मग डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा लागला. शहाण्या माणसाने काय करावं? यांनी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. दिवा दिसेना, म्हणजे बिघाड गेला!

बिघाड कुठला जातोय? भर चढावर गाडीने खराब युरिया ओळखून स्वतःच ताकद कमी केली. टँकर बैलगाडीसारखा रांगला, गेटवर उशीर झाला आणि दूध परत आलं. डेअरीने सांगितलं, उद्या शेवटची संधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई-दाजी दोघं गॅरेजवर आले. टाकी उघडली तर तळाला चिखल. नोझलवर मिठासारखे पांढरे खडे, पाइप गच्च. मी कपाळावर हात मारला. दुपारपर्यंत टाकी धुतली, पाइप साफ केले, नोझल आणि फिल्टर बदलले, नवा कॅन ओतला. सायलेन्सर थोडक्यात वाचला.

"हे कोणी कालवलं?" मी मुद्दाम विचारलं. गॅरेजमध्ये चार माणसं उभी होती.

दाजींची पापणीसुद्धा लवली नाही. "तुझ्या ताईनं. मी शंभरदा सांगितलं होतं, विकतचंच आण. बायकांना काय कळतं यातलं?"

शिवी अगदी माझ्या ओठांवर आली होती. ताईने मात्र युरियाने भेगाळलेले हात पदराला पुसले आणि एक हात दाजींपुढे धरला.

"अहो, चावी द्या."

"चावी? तुला कशाला?"

"द्या म्हटलं ना."

त्यांनी दिली. चार माणसांपुढे नाही कसं म्हणणार! ताईने ती माझ्या हातात ठेवली. "आज तू ने गाडी. उद्यापासून मी ड्रायव्हर ठेवते."

"आणि मी?" दाजींचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुम्ही घरी जा."

मी गाडी सुरू केली. ताई शेजारी बसली. आरशात दाजी रस्त्यावर उभे होते, आणि खरं सांगतो, मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.